नौकेवरचा बिनतारी संच बहिरा का होतो?

कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. यांत्रिक नौका या दिवसांत किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या असतात आणि तांडेल व खलाशी इंजिनाची दुरुस्ती, रंगकाम, जाळ्यांची डागडुजी यांत गुंतलेले असतात. गेल्या काही वर्षांत या कामांत आणखी एकाची भर पडली आहे. जुने दिवे काढून त्यांच्या जागी एलईडी दिवे बसविले जातात. हे दिवे वीज थोडी घेतात, बॅटरी अधिक काळ पुरते, आणि बाजारात ते स्वस्तही मिळतात. मासे आकर्षित करण्यासाठी प्रखर एलईडी दिवे वापरण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली, तो विषय निराळा. येथे विचार करावयाचा आहे तो केबिनमधील आणि डोलकाठीवरील साध्या दिव्यांचा. या दिव्यांमुळे नौकेवरील व्हीएचएफ बिनतारी संच बहिरा होऊ शकतो, आणि तो बहिरा झाल्याचे नौकेवर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

असे का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. एलईडी दिव्याला बॅटरीचा १२ किंवा २४ व्होल्टचा दाब जसाच्या तसा चालत नाही. त्यासाठी दिव्याच्या बुडाशी एक छोटे मंडल बसविलेले असते. ते विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा तोडते आणि जोडते. या तोडजोडीतून विद्युतलहरी उठतात आणि त्यांचे पडसाद पार व्हीएचएफच्या पट्ट्यापर्यंत पोहोचतात. चांगल्या दिव्यात त्या अडविण्याची सोय असते. स्वस्त दिव्यात ती गाळलेली असते. मग दिव्याला जोडलेली तारच अँटेनासारखी वागू लागते. मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि मासे शोधण्याच्या यंत्राचा पडदा यांच्याकडूनही हाच उपद्रव होऊ शकतो.

आता यातील खरी मेख पाहू. संकटाची हाक देण्यासाठी राखून ठेवलेली १६ क्रमांकाची वाहिनी १५६.८ मेगाहर्ट्झवर चालते. एरवी ऐकू येणारी खरखर बंद करण्यासाठी संचावर स्क्वेल्च नावाची कळ असते. गोंगाट वाढला की तांडेल ती कळ आणखी पिळतो आणि संच शांत होतो. पण त्याबरोबर दुरून येणारी क्षीण हाकही बंद होते. गोंगाटाची शक्ती चौपट झाली तर मोकळ्या टापूत ऐकण्याचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो. बोलण्यात मात्र काहीच फरक पडत नाही. आपला आवाज दुसऱ्यांना नीट पोहोचतो, म्हणून संच ठीक आहे असा समज होतो.

ही भीती केवळ पुस्तकी नव्हे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याविषयी सुरक्षा सूचना प्रसृत केली. वाहतूक मार्गावरील एका घटनेत सापडलेल्या जहाजाशी बचाव केंद्राला व्हीएचएफवर संपर्कच साधता आला नव्हता. त्या जहाजाची ओळख देणारी एआयएस यंत्रणाही संदेश नीट पकडत नव्हती. तिचे संदेश १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे व्हीएचएफच्याच शेजारी चालतात. इतर काही जहाजांवर दोष निघाला तो मार्गदर्शक एलईडी दिव्यांचा.

त्या सूचनेत दिलेली चाचणी कोणत्याही तांडेलाला पाच मिनिटांत करता येईल. सर्व एलईडी दिवे बंद करावेत. संच एखाद्या शांत वाहिनीवर लावावा. स्क्वेल्चची कळ खरखर ऐकू येईपर्यंत सैल करावी, आणि मग खरखर जेमतेम थांबेल इतकीच परत फिरवावी. आता दिवे लावावेत. खरखर पुन्हा सुरू झाली तर दोष दिव्यांचा. खरखर आली नाही, तर दिव्यांनी गोंगाट वाढविलेला नाही.

कोणता दिवा, हे शोधण्यासाठी ते एकेक करून लावावेत. नंतर हीच परीक्षा चार्जर, इन्व्हर्टर, पाणी उपसण्याचा पंप यांची घ्यावी आणि शेवटी इंजिन चालू करावे. कानालाही पुष्कळ कळते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ अल्टरनेटरची असते. पंप चालू असताना येणारी कडकड मोटरच्या ब्रशची. एकसारखी सू-सू किंवा खरखर आली तर दिवा किंवा चार्जर यांवर संशय घ्यावा. अँटेनाची केबल काढल्यावर गोंगाट थांबला, तर तो अँटेनातून येत होता; तरीही टिकला, तर विजेच्या तारेतून. मात्र केबल काढलेली असताना बोलण्याचे बटण मुळीच दाबू नये. संच जळण्याचा धोका असतो.

नौकेवरचे सारे बंद करूनही गोंगाट राहिला, तर तो बाहेरचा समजावा. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात २००१ मध्ये साऱ्या बंदराची जीपीएस यंत्रे निकामी झाली होती. शोध घेता कारण निघाले ते नौकांवर बसविलेल्या दूरचित्रवाणीच्या अँटेनांतील संवर्धक. तेव्हा आपली चाचणी धक्क्यावर गर्दीत न करता थोडे दूर, मोकळ्या पाण्यात करावी हे उत्तम.

उपायांपैकी पहिला म्हणजे दोषी दिवा बदलणे, आणि बहुतेक वेळा तोच पुरतो. अँटेनाला चिकटून दिवा बसविला असेल तर तो दूर न्यावा. डोलकाठीच्या टोकावर ही चूक हमखास होते. दिव्याच्या जवळ तारेचे दोन-तीन वेढे फेराइटच्या कड्यातून काढले की उपद्रव कमी होतो. दिव्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्याव्यात. संचाला बॅटरीपासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा; इन्व्हर्टरच्या तारेवर तो कधीही जोडू नये. पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी नौकांवर उपग्रहाद्वारे संदेश देणारे ट्रान्सपॉंडर बसविण्याच्या राष्ट्रव्यापी कामाचा शुभारंभ झाला. असे प्रत्येक नवे यंत्र आले की नव्या तारा येतात. त्यामुळे बसविल्यावर लगेच वरील चाचणी पुन्हा घ्यावी.

रात्री खरखर टाळण्यासाठी मार्गदर्शक दिवे मालवून ठेवण्याचा मोह काहींना होईल. तसे करू नये. दिव्यांविना नौका इतरांना दिसत नाही आणि टक्कर होऊ शकते. तोवर जुना तंतूचा बल्ब लावला तरी चालेल.