किनाऱ्यावरचे काळे गोळे

प्रश्न : मे महिन्यात आम्ही नवा रायपूरहून गोव्याला गेलो होतो. कलंगुटला वाळूत काळे चिकट गोळे होते, मुलांचे पाय पार बरबटले. हे येतं कुठून? घातक आहे का?

– एक वाचक, नवा रायपूर

उत्तर : हे तेलगोळे, म्हणजे टारबॉल. (कपाटातल्या डांबरगोळ्यांशी यांचं नातं नाही!) समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेलं जड तेल पाण्यात घुसळून घट्ट होतं, वाळू चिकटून त्याचे गोळे बनतात. पावसाळ्याच्या तोंडावर वारे फिरले की ते पश्चिम किनाऱ्याला लागतात. तेलालाही बोटांसारखे ठसे असतात. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोळ्यांतले हायड्रोकार्बन तपासून काही गोळ्यांचा माग बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रापर्यंत, तर काहींचा टँकर धुतलेल्या पाण्यापर्यंत लावला. जहाज नेमकं कोणतं, हे मात्र क्वचितच सापडतं. भर समुद्रात, तेही रात्री, टाकी धुणाऱ्याला बघणार कोण?

क्षणभर पाय लागल्याने सहसा काही होत नाही. कुणाकुणाला पुरळ उठतं. डाग खोबरेल चोळून काढा, मग साबण. रॉकेल किंवा पेट्रोल मुलांच्या कातडीला लावू नका.