पाच-दहाची गाडी

परतवाड्याच्या बसस्थानकावर तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असालच. ध्वनिक्षेपकावरून आवाज येतो, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आसेगाव, वलगावमार्गे अमरावतीला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे.” पहिल्यांदा हे वाक्य ऐकले तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याला वाटले, गाडी कोणाला तरी लागली, म्हणजे अपघातच झाला! तसे नाही. गाडी ‘लागली’ म्हणजे ती येऊन फलाटावर उभी राहिली. गंमत पुढेच आहे. “मला गाडी लागते,” असे एखादी आजी म्हणाली, तर तिला खिडकीजवळची जागा द्या, कारण प्रवासात तिला मळमळते. आणि गाडी ‘चुकली’ म्हणजे गाडीने चूक केलेली नसते. आपणच उशिरा पोहोचलेले असतो.

बसस्थानकावर अर्धा तास कान देऊन बसलात, तर पुस्तकातल्या दोन धड्यांइतकी मराठी कानावर पडते. त्यातले पुष्कळ शब्द तुमच्या घरचेच आहेत. रस्ता, मुक्काम, तारीख, सवलत, अर्ज हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. जी गाडी रात्री खेड्यात थांबते आणि सकाळी परत निघते, ती ‘मुक्कामी गाडी’. हा शब्द तुम्हांला कोणी समजावून सांगावा लागणार नाही. एका शब्दापाशी मात्र सांभाळा, तो म्हणजे ‘दाखला’. उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. पासाच्या खिडकीवर “शाळेचा दाखला आणा,” असे सांगितले, तर ‘माझा दाखला तर जूनमध्येच झाला आहे,’ असे उत्तर देऊ नका. मुख्याध्यापकांच्या सहीचा, तुम्ही या शाळेत शिकता असे लिहिलेला कागद त्यांना हवा असतो.

आपल्या भागातल्या मुलामुलींना या गाडीची इतकी गरज का पडते? परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावे सातपुड्याच्या पायथ्याशी वसली आहेत. शाळा इथे आहेत, महाविद्यालयेही आहेत. परंतु विद्यापीठ अमरावतीला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. पूर्वी आपला भाग नागपूर विद्यापीठाकडे होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये आज त्याच्याकडे आहेत. २००५ साली त्याला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा आणि लोकांना ‘मुले शिकवा’ म्हणून सांगत फिरणारा हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. त्यांचे आयुष्य पायी आणि वाटेवर गेले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तेही वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी. परतवाड्याहून अमरावतीला जाणारी गाडी रोज वलगाववरून जाते. पुढच्या वेळी नदी ओलांडताना खिडकीतून बाहेर पाहा.

आगगाडीचा आपल्याला फारसा आधार नाही. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी १९१३ साली सुरू झाली. तीच आपली ‘शकुंतला’. तुमच्या आजोबांना विचारा. ती इतकी सावकाश जाई की तिच्याविषयीचे निम्मे किस्से खरे आणि निम्मे रचलेले असतात. आता ती धावत नाही. धावत होती तेव्हाही ती अमरावतीला जात नव्हतीच. म्हणून शिकायचे, दवाखान्यात जायचे, कचेरीत जायचे, तर एसटी.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. त्या वेळी आपला वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हता, मध्य प्रांतात होता, आणि इकडची सरकारी वाहतूकसेवा वेगळी होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे तर १९३२ पासूनच सरकारी बस चालू झाली होती. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली, हे तिन्ही भाग एकत्र आले आणि त्यांच्या गाड्याही एकत्र आल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ हे नाव पडले. इतके लांब नाव कोण घेणार? लोक ‘एसटी’ म्हणतात आणि लाडाने ‘लाल डबा’. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ नावाची विजेवर चालणारी गाडी सोडण्यात आली.

एसटीचे भाडे टप्प्यांनी मोजतात. एक टप्पा सहा किलोमीटरचा. विद्यार्थ्याने मासिक पास काढला, तर त्याला भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरावा लागतो, म्हणजे शंभर रुपयांच्या जागी तेहतीस. खेड्यातून शिकायला येणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना तेवढेही भरावे लागत नाही; अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना पास मोफत मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, हे तुमच्या अम्मीला माहीत असेलच. ज्या मार्गावर प्रवासी थोडे, तिथेही गाडी पाठवायची आणि सवलतही द्यायची, हे खाजगी गाडीवाला करणार नाही. परतवाड्याहून सातपुडा ओलांडला की पलीकडे बैतूल, मध्य प्रदेश. तिथल्या राज्याने आपले बस महामंडळ २००५ च्या सुमारास गुंडाळायला घेतले. त्यानंतर तिकडच्या लोकांना खाजगी गाड्यांवर विसंबावे लागले.

परंतु पास खिशात असला म्हणजे झाले, असे नाही. गाडी आपल्या वेळेला हवी. त्यावरूनच मला ही गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. शाळेपासून चौदा किलोमीटरवरच्या गावाहून ती येत असे. त्या वर्षी वर्गखोल्या अपुऱ्या पडल्या म्हणून आमची शाळा दोन पाळ्यांत भरू लागली. मोठे वर्ग दुपारी बाराला भरत आणि साडेपाचला सुटत. शेवटचा तास मराठीचा, म्हणजे माझा. पाच वाजायला पाच मिनिटे उरली की ही मुलगी दप्तर उचलून उभी राही. तिच्या मागोमाग आणखी सहा-सात जणी. “सर, जाऊ?” आठवडाभर मी गप्प राहिलो. मग एक दिवस रागावलो. म्हणालो, “गणिताच्या तासाला तुम्ही बसता आणि मराठी आली की पळता. नापास झालात की माझ्याकडे येऊ नका.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, पाच-दहाची गाडी आमची शेवटची गाडी आहे. ती चुकली तर मला न्यायला कोणी येत नाही. आणि अब्बा म्हणतात, रोज एक तास बुडवायचा असेल, तर पुढच्या वर्षी घरीच बस.”

मित्रांनो, ‘सुटणे’ हा मराठीतला साधा शब्द आहे. पाच वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटते. साडेपाचला शाळा सुटते. दोन्ही वाक्ये तुम्ही रोज बोलता. पण “तिची शाळा सुटली,” असे कोणी म्हणाले, तर ती शाळा दुसऱ्या दिवशी भरत नाही. त्या दुपारी मला हे वाक्य आठवले आणि आदल्या दिवशीचे माझे बोलणेही आठवले.

दुसऱ्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर ‘अर्ज’ असा शब्द लिहिला. मुलांनी अर्ज केला. तो असा होता : आमचे फार हाल होत आहेत, आपण थोर आहात, आपण दया करून गाडीचे काही तरी करावे. अक्षर सुंदर होते. दोन मुले, त्या मुलीची मोठी बहीण आणि मी, असे चौघे तो घेऊन आगारात गेलो. टेबलावरच्या बाबूंनी चष्मा लावून तो वाचला आणि आमच्याच बोलीत विचारले, “किती पोट्टे आहा तुम्ही? कोण्या थांब्यावर उतरता? शाळा सुटते किती वाजता?”

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. किती मुले, हे आम्ही मोजलेच नव्हते. शाळेची वेळ बदलली, हे शाळेने आगाराला कळवले नव्हते. वेळापत्रक जुन्या वेळेवर बसवलेले होते आणि जुन्या वेळेला ते बरोबर होते. बाबू म्हणाले, “आन् शनिवारी त सकाळची शाळा असन न तुमची?” एक मुलगा पटकन म्हणाला, “नाही साहेब, आमची शुक्रवारी सकाळची असते. जुम्म्याची नमाज असते ना.” ते हसले. “हे लिहा न मंग! मले कसं माहीत पडन?”

परत आल्यावर मुलांनी तीन दिवस काम केले. कोण कोणत्या थांब्यावर चढतो-उतरतो, पास कोणाकडे आहे, याची यादी केली. त्यांनी दुसरा अर्ज लिहिला, तो असा :

प्रति,
माननीय आगारप्रमुख,
राज्य परिवहन आगार.

विषय : सायंकाळी ५.१० च्या गाडीची वेळ बदलण्याबाबत.

महोदय,
आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इयत्ता आठवी ते दहावीत शिकतो. यंदा आमची शाळा दुपारी १२ ते ५.३० या वेळात भरते. आमच्यापैकी २३ विद्यार्थी, त्यांत १७ मुली, आपल्या ५.१० च्या गाडीने तीन गावांना जातात. सर्वांकडे एसटीचा पास आहे. या गाडीनंतर त्या बाजूला दुसरी गाडी नसल्यामुळे आम्हांला रोज शेवटचा तास सोडावा लागतो. तरी ही गाडी ५.४० ला सोडावी, ही विनंती. शुक्रवारी आमची शाळा सकाळची असते. त्या दिवशी वेळ बदलण्याची गरज नाही. थांब्यांप्रमाणे विद्यार्थ्यांची यादी आणि मुख्याध्यापकांचा दाखला सोबत जोडला आहे.

आपले विश्वासू,
(सह्या)

या अर्जात ‘हाल’ हा शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आले का? सतरा मुली रोज शेवटचा तास सोडतात, एवढे वाचले की वाचणाऱ्याला ते कळते.

अठरा दिवसांनी निरोप आला. गाडी ५.४० ला सोडता येत नाही. कारण तीच गाडी परत येऊन पुढे दुसऱ्या गावी मुक्कामाला जाते, आणि चालक-वाहकांच्या कामाचे तासही ठरलेले असतात. एका गाडीला अर्धा तास उशीर केला की तिच्या मागची सगळी माळ हलते. ५.३० पर्यंत थांबवता येईल. म्हणजे वीस मिनिटे मिळाली आणि शाळा सुटल्यावर स्थानकापर्यंत चालत जाण्याची दहा मिनिटे कमी पडली. तेव्हा मुख्याध्यापकांनी मधली सुट्टी दहा मिनिटांनी लहान केली आणि शाळा ५.२० ला सोडू लागले. मुले सुट्टीवरून दोन दिवस कुरकुरली. बाजार करून गावी परतणाऱ्या बायांनीही मुलींना चार शब्द ऐकवले, कारण त्यांना आता टोपली घेऊन वीस मिनिटे जास्त बसावे लागे. त्यांचे काही चुकले नव्हते. गाडी एकच आणि ती सगळ्यांची.

ती मुलगी दहावी झाली, बारावी झाली. आता अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोफत पास बारावीबरोबर संपला, आता ती पैसे भरून पास काढते. पहाटे गावाहून निघते, परतवाड्याला गाडी बदलते आणि वलगाववरून पुढे जाते. मागच्या महिन्यात ती मला बसस्थानकावर भेटली. हातात वहीचा कागद होता. महाविद्यालयात प्रात्यक्षिकाचा तास संध्याकाळी लांबतो आणि तिची परतवाड्याहून गावाकडे जाणारी गाडी चुकते. तिच्यासारख्या नऊ जणी आहेत. थांबे, वेळा, वार, सगळे तिने मांडले होते.

“अर्ज लिहिलाय, सर,” ती म्हणाली. “गाडी यायला दहा मिनिटे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे पाहून द्या.”

स्वाध्याय

१. ‘सुटणे’ आणि ‘लागणे’ ही क्रियापदे या धड्यात कोणकोणत्या अर्थांनी आली आहेत? प्रत्येक अर्थाचे तुमचे एक वाक्य लिहा.
२. बाबूंच्या कोणत्या प्रश्नांची उत्तरे पहिल्या अर्जात नव्हती?
३. बाजाराला आलेल्या एखाद्या बाईने गाडीची जुनी वेळच ठेवावी म्हणून अर्ज केला असता, तर तिने काय लिहिले असते? तो अर्ज लिहा.
४. तुमच्या वर्गातील किती विद्यार्थी बसने येतात, कोणत्या थांब्यावर चढतात आणि किती वाजता घरी पोहोचतात, याचा तक्ता तयार करा.