दोन छायाचित्रांमधील विलंब : कारणे आणि उपाय

छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने एक छायाचित्र टिपल्यानंतर तो दुसऱ्यासाठी सज्ज होईपर्यंत जो वेळ जातो, त्याचे खापर बहुधा मेमरी कार्डावर फोडले जाते; परंतु महागडे कार्ड घेऊनही विलंब तसाच राहिल्याचा अनुभव अनेकांना येतो, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी हा वेळ नेमका कोठे जातो हे तपासणे अगत्याचे आहे.

समारंभांत सर्वाधिक घात फ्लॅशमुळे होतो. फ्लॅशला लागणारी वीज सेलमधून थेट मिळत नाही. ती आधी कपॅसिटर या विद्युतभार साठवणाऱ्या घटकात सुमारे 300 व्होल्ट दाबाने साठवली जाते आणि क्षणार्धात खर्च होते; कपॅसिटर पुन्हा भरेपर्यंत पुढच्या फ्लॅशसाठी थांबावे लागते. मंगलाष्टके चालू असताना हौसेने एकामागून एक फ्लॅश उडवले, की अंतरपाट दूर होऊन हार घातले जातात नेमक्या त्या वेळी कॅमेऱ्यावरचा दिवा लुकलुकत राहतो, बटण दाबूनही छायाचित्र निघत नाही आणि तो प्रसंग कायमचा हातचा जातो. यासाठी महत्त्वाच्या क्षणाआधी फ्लॅश राखून ठेवावा, पुरेसा उजेड असल्यास तो बंदच करावा, आणि डोळे लाल दिसू नयेत म्हणून मुख्य फ्लॅशपूर्वी प्रकाश टाकणारी सोय वगळावी, कारण तीही वेळ खाते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घालावेत; त्यांचा दाब अल्कलाइन सेलच्या 1.5 व्होल्टऐवजी 1.2 व्होल्ट असला, तरी अंतर्गत रोध कमी असल्याने ते अधिक प्रवाह पुरवतात व फ्लॅश लवकर सज्ज होतो.

दुसरे कारण फोकसचे आहे. असे बहुतेक कॅमेरे भिंग पुढेमागे सरकवून प्रतिमा कोठे सर्वांत रेखीव दिसते हे पडताळतात, आणि मंद उजेडात ही चाचपणी लांबते. बटण अर्धवट दाबून धरल्यास फोकस आधीच जुळून स्थिर राहतो व ऐन वेळी ते पूर्ण दाबताच छायाचित्र निघते; मात्र मधल्या काळात विषय जवळ किंवा दूर सरकल्यास फोकस पुन्हा जुळवावा लागतो. रात्रीच्या दीर्घ छायाचित्रणात काही कॅमेरे प्रतिमेतील ठिपके घालवण्यासाठी पडदा मिटून तेवढ्याच कालावधीची दुसरी नोंद घेतात, त्यामुळे 8 सेकंदांच्या छायाचित्रानंतर आणखी 8 सेकंद थांबावे लागते. घाई असल्यास ही सोय बंद ठेवावी.

कार्डाचा दोष ओळखण्याची कसोटी सोपी आहे. फ्लॅश बंद ठेवून सलग छायाचित्रणाच्या पद्धतीवर बटण दाबून धरावे. पहिली काही छायाचित्रे भराभर निघून नंतर वेग मंदावला, तर कॅमेऱ्यातील तात्पुरती स्मृती, म्हणजेच बफर, भरली असून ती कार्डावर रिकामी होण्याची वाट पाहिली जात आहे असे समजावे. अशा वेळीच सेकंदाला किमान 10 मेगाबाइट सलग लेखनाची हमी देणारे क्लास 10 कार्ड घेण्यात अर्थ आहे, तोही कॅमेरा स्वतः तितक्या वेगाने लिहू शकत असेल तरच. रॉ या प्रक्रियाविरहित स्वरूपाऐवजी जेपेग निवडल्यानेही लिहिण्याचा भार हलका होतो. लेखन चालू असताना वैतागून कार्ड किंवा बॅटरी काढणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे टिपलेली छायाचित्रेही नष्ट होऊ शकतात.

ही तपासणी समारंभाच्या आधी, घरी आणि तेवढ्याच मंद उजेडात करावी, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याला किती उसंत लागते हे कळते आणि ती कोणत्या क्षणांना द्यायची हे आधीच ठरवता येते.