वीज बाभळीवर, मार लॉगरला

परतीच्या पावसात वीज पडली ती बांधावरच्या बाभळीवर. द्राक्षबागेतल्या आमच्या हवामान केंद्राच्या खांबाला साधा डागही नव्हता. तरी नोंदी ठेवणारा लॉगर गेला, मोडेम गेला, पंपघरातला फ्लो मीटरही गेला. ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट, डाऊनी रोगाची भीती सर्वांत जास्त आणि पानांवर ओलावा किती तास टिकला हे सांगणारं यंत्र नेमकं तेव्हाच बंद! फवारण्या अंदाजाने घ्याव्या लागल्या. औषध जास्त गेलं, जीवाला घोर वेगळाच.

खांबाला एक अर्थिंग होती, पंपघराला दुसरी. दोघांना जोडत होती ती फक्त फ्लो मीटरची लांब वायर. मार तिथूनच आला. समजा, १० हजार अँपिअरचा प्रवाह १० ओहमच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरला, तर ती अर्थिंग क्षणभर १ लाख व्होल्टवर जाते. लांबच्या दुसऱ्या टोकाला तसं काही झालेलं नसतं. वीज जवळच्या झाडावर पडली तरी दोन अर्थिंगमध्ये असा फरक उभा राहू शकतो. तो वायरीतून धावतो आणि वाटेत पाच व्होल्टवर चालणारी चिप सापडते. वर तडितरक्षक लावला म्हणून निर्धास्त राहू नका. तो थेट पडणारी वीज झेलतो, वायरीतून शिरणारी नाही.

खांब, लॉगरची पेटी, सोलर पॅनेलची चौकट आणि सर्ज प्रोटेक्टर यांची अर्थिंग एकत्रच जोडून घ्या. प्रोटेक्टरपासून अर्थिंगपर्यंतची तार आखूड आणि सरळ हवी. वायरमन उरलेल्या तारेचं वेटोळं करून ठेवतात, ते काढायलाच लावा. विजेचा प्रवाह इतका झपाट्याने चढतो की मीटरभर जादा तारेतही हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. लांबच्या सेन्सरला वायरीच्या दोन्ही टोकांना प्रोटेक्टर लागतो. मी मात्र ती वायरच काढली. फ्लो मीटर आता स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि रेडिओने आकडे पाठवतो. माझ्या मते हाच उत्तम उपाय.

मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यावर विसंबू नका. मिठाने सळई गंजते, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. वळिवाआधी अर्थिंग मोजून घ्या. प्रोटेक्टरही झिजतो, पुष्कळ प्रोटेक्टरांवर खिडकी असते, ती हिरव्याची लाल झाली की तो बदलावा लागतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. एकदा गडगडाट सुरू झाला, की वायर काढायला म्हणून खांबाकडे कोणीही जायचं नाही, गड्यालाही पाठवायचं नाही. लॉगर नवा आणता येतो.