तळाशी अडकलेली ठेव

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सरोवराविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण सरोवराचाही एक जमाखर्च असतो, आणि हवामान तापू लागले की तो कसा बिघडतो हे आफ्रिकेतील टांगानिका सरोवरावरून नीट समजते.

हे सरोवर सुमारे १४७० मीटर खोल. जगात याहून खोल एक बैकलच. वरच्या पाण्यातील शेवाळ, सूक्ष्म जीव आणि मासे मेले की त्यांचे अवशेष खाली जातात. स्फुरद, नत्र वगैरे पोषक द्रव्ये अशी तळाकडे साठत राहतात. ही झाली ठेव. शेवाळाला ऊन लागते, म्हणून ते वरच वाढते. ठेव त्याच्यापर्यंत पोचवण्याचे काम वारा करतो. मे ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत आग्नेयेकडून वारे सुटतात, वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खालचे वर येते. त्यावर शेवाळ पोसते, पुढे इवली 'डागा' मासळी, आणि मासळीवर टांझानिया, काँगो, बुरुंडी, झांबिया या चार देशांचे काठ.

पाणी तापले की हलके होते. विसाव्या शतकात वरचे पाणी खालच्यापेक्षा अधिक तापले. हलका थर जड थरावर बसून राहिला आणि वाऱ्याला पूर्वीसारखी ढवळणी करता येईना. कॅथरीन ओ'रायली व सहकाऱ्यांनी २००३ साली शेवाळाची वाढ सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे मांडले. त्यावरून मासळीत सुमारे ३० टक्के तूट, असा त्यांचा हिशेब. जाळी वाढली म्हणून मासे घटले, असे कोणी म्हणेल. जाळी वाढली हे खरेच. पण २०१६ साली तळातील गाळाचे थर तपासल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा घट मोठ्या व्यापारी मासेमारीच्या आधीपासूनची निघाली.

शेवाळ कमी म्हणजे पाणी चांगले, हा माझा समज अमेरिकेच्या ईरी सरोवराने घालवला. तिथे उलटाच प्रकार. शेतांतले खत पावसाबरोबर वाहत येते. पाऊस जोराचा झाला की अधिकच. मग कोमट, उथळ पाण्यात विषारी निळे-हिरवे शेवाळ माजते. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळून ते विष जात नाही. पाणी आटून उलट दाट होते.

पावसाळ्यात आमची आई पाणी उकळते आणि निर्धास्त होते. तिला हे सांगितले. तिने विचारले, "मग राकसकोपच्या पाण्यात हे कोण बघतं?" मला सांगता आले नाही.