घराण्याचा तक्ता

तुमच्या आजोबांच्या वडिलांचे नाव तुम्हांपैकी पुष्कळांना सांगता येईल. पण आजोबांच्या आईचे नाव? हा प्रश्न विचारला की बहुधा सारा वर्ग गप्प होतो. आपल्या जुन्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरत जातात. पुष्कळदा त्या जमिनीच्या वारशासाठी लिहिल्या जात. त्यामुळे लेकीसुनांची नावे त्यांत क्वचितच आढळतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर शासकीय कागदपत्रांत आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहावयाचे असते. मागच्या पिढ्यांतील आयांची नावे मात्र आपणच शोधली पाहिजेत, आणि ती सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच!

एक मोठा कागद घ्या. तळाशी स्वतःचे नाव लिहा. वर आई व वडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे मिळून चार आजीआजोबा, आणि त्याही वर पणजोबा-पणज्यांची आठ घरे आखा. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल पुष्कळ घरांत होती; म्हणून प्रत्येक स्त्रीची माहेरची व सासरची अशी दोन्ही नावे विचारा. एखादे घर रिकामे राहिले तर राहू द्या. अंदाजाने भरू नका.

तक्त्यात केवळ नावे मावतात. बाकीच्या हकिकतीसाठी प्रत्येक व्यक्तीचे एक नोंदपत्रक करावे. त्यात जन्म, गाव, विवाह, व्यवसाय व मृत्यू यांचे रकाने असावेत. शेवटचा रकाना ‘हे कशावरून कळले’ हा होय. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील जन्मतारीखही नेहमी खरी असतेच असे नाही. पूर्वी नाव घालतेवेळी पालकांस तारीख ठाऊक नसली, तर गुरुजी अदमासाने एखादी लिहीत; मग एकाच वर्गातील कितीतरी मुले एकाच दिवशी जन्मलेली दिसतात! विदर्भातील गावांत कोतवालाच्या वहीत जन्ममृत्यूची नोंद होई. पण तीत पुष्कळदा बाळाचे नाव नसे, अमक्यास मुलगी झाली एवढेच असे.

गावाचा रकानाही जपून वाचावा. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड घ्या. तेथल्या एखाद्या घरातील १९५५ सालच्या कागदावर ‘जिल्हा भंडारा, मध्य प्रदेश’ असेल. १९५६ च्या नोव्हेंबरात हा भाग मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. कागद पाहून वाटावे की हे कुटुंब तीन राज्ये फिरले. वस्तुतः त्याने आपले घर कधी सोडलेच नव्हते.

याच प्रतापगडाच्या परिसरात खरोखरच फार दूरवरून आलेली कुटुंबेही आहेत. १९५९ साली दलाई लामा भारतात आले व त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी लोक हिमालय ओलांडून आले. त्यांच्यापैकी काहींची नोर्ग्येलिंग ही वसाहत येथे १९७२ साली वसली. तिबेटी लोकांत बापाचे नाव मुलाच्या नावामागे येत नाही, आणि पुष्कळांना आडनावही नसते. आपले पूर्ण नाव म्हणजे वंशावळीचा एक लहानसा तुकडाच असतो. त्यांना तोही आधार नाही. तक्ता लिहिला नाही, तर कोण कोणाचा हे नावावरून उमगावयाचे नाही.

जन्मसालाचेही तसेच. तिबेटी पंचांगात वर्षांना बारा प्राण्यांची नावे पाळीपाळीने येतात. समजा, तेथील एखादी वृद्धा म्हणाली, “माझा जन्म घोड्याच्या वर्षीचा.” घोड्याची वर्षे १९३०, १९४२, १९५४ अशी बारा-बारा वर्षांनी येतात. मग पुढे विचारावे, “आजी, देश सोडला तेव्हा आपण केवढ्या होता?” ती म्हणाली, “लग्न व्हायचे होते. पाठीवर धाकट्या भावाला घेऊन चालत होते.” १९५९ साली ती एकोणतीस, सतरा किंवा पाच वर्षांची असणार. पाच वर्षांची पोर भावाला पाठीवर घेऊन हिमालय ओलांडणार नाही. एकोणतिसाव्या वर्षी अविवाहित असणेही त्या काळी फारसे संभवत नाही. तेव्हा नोंदपत्रकात लिहावे : ‘जन्म सुमारे १९४२. घोड्याचे वर्ष, स्वतः आजींनी सांगितले; सालाचा हिशेब आपला.’ आणि त्याखाली त्या धाकट्या भावाचे नाव विचारून लिहावे.