बेंगळूरचा किल्ला पाहताना

ऐतिहासिक वास्तू पाहावयास जाणाऱ्याने समोरचे बांधकाम कोणत्या काळाचे आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. लंडनच्या टॉवरमध्ये हे फारसे कठीण जात नाही. मधला मनोरा अकराव्या शतकातला, बाहेरचे तट नंतरच्या राजांचे, आणि दोन्ही उभे आहेत. बेंगळूरच्या किल्ल्याचा मात्र बहुतेक भाग पाडला गेला. दिल्ली दरवाजा व लगतचे बुरूज तेवढे उरले आहेत.

के. आर. पुरमहून मेट्रोने मॅजेस्टिकला यावे आणि तेथे गाडी बदलून कृष्णराजेंद्र मार्केटला उतरावे. किल्ला तेथून जवळच आहे. मराठी प्रवासी येथे बहुधा शहाजीराजांचा वाडा शोधीत येतो, व दगडी तट पाहून तो सापडल्याचे समाधानही मानतो! बेंगळूर 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे खरे. परंतु हा तट त्यांचा नव्हे. केंपेगौडा यांनी 1537 मध्ये वसविलेल्या नगराची तटबंदी मातीची होती. किल्ल्याचे दगडी काम हैदर अलीने 1761 मध्ये हाती घेतले. 21 मार्च 1791 रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हाच दगडी तट फोडला. त्या जागी तशी पाटी लावलेली आहे.

भोसल्यांची खूण पाहावयाची असल्यास मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात जावे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचा 1669 चा शिलालेख तेथे असून, देवस्थानास गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. मार्केटहून त्याच हिरव्या मार्गाने उत्तरेकडे संपिगे रोड स्थानकापर्यंत जाता येते.